फुटामागे दोन बोटं

बॉबिन कमलाबाईंच्या हातातून सुटली, फरशीवर टक्कन आपटली आणि घरंगळत थेट खाटेखाली गेली. एवढ्याशा आवाजाने दर्शनाने मान वर केली आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की बराच वेळ झाला, मशीन बंद आहे. आई शिवायला बसली की परळच्या या खोलीत अशी शांतता नसायचीच. मशीन थांबलं तर आई बोलायची, आई थांबली तर मशीन बोलायचं. आज दोघंही गप्प होती.

कमलाबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर विहारातलं लोखंडी कडं होतं, सायकलच्या चाकाहून मोठं. बुद्धमूर्तीच्या डोक्यावर छत्र टांगतात, त्याचं हे कडं. दर वैशाख पौर्णिमेला त्याला नवी झालर लागायची आणि ती कमलाबाईच शिवायच्या, दर्शना शाळेत होती तेव्हापासून. आधी कड्याच्या मापाची पट्टी कापायची, मग तिच्यावर निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी साटिनच्या चुण्या घालत जायचं आणि शेवटी पट्टीची दोन टोकं एकमेकांना शिवून टाकायची. चुण्या आजही एकसारख्या पडल्या होत्या. शिवण नेहमीसारखी सरळ होती. फक्त टोकं एकमेकांना भेटत नव्हती. मुठीहून थोडं जास्तच कडं उघडं राहिलं होतं आणि त्या उघड्या लोखंडाकडे कमलाबाई एकटक बघत होत्या.

“कडं बदललानी गो त्यांनी,” त्या शेवटी म्हणाल्या. “ह्या आपलं कडं नाय.”

दर्शनाने ते लगेच खरं मानलं. आईचं माप चुकेल, हा विचार तिच्या मनात आलासुद्धा नाही.

कमलाबाईंची टेप खिळ्याला टांगलेली असायची, पण ती ब्लाउजसाठी, परकरासाठी, सरळ कापडासाठी. गोलाला त्या टेप लावत नसत. कापड कड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवं धरायचं, तेवढं तीन वेळा घ्यायचं आणि वर फुटामागे दोन बोटं सोडायची. तीन फुटांच्या कड्याला सहा बोटं, सहा फुटांच्या मंडपाला बारा. हे त्यांना कुणी शिकवलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. लालबागच्या डेकोरेशनवाल्यांसाठी त्यांनी आयुष्यभर गोल झालरी शिवल्या त्या याच हिशेबाने, आणि टोकं अशी जुळायची की जोड कुठे आहे ते शोधावं लागायचं. दर्शनाचे वडील, भिवा, गंमतीने म्हणायचे, तुझ्या आईच्या दोन बोटांवर आपलं घर उभं आहे. ते गेले, दर्शना लग्न होऊन वडाळ्याला गेली, तरी खोली होती, मशीन होतं आणि बोटं होती.

खाटेवर पालथी पडून मनाली पुस्तकात पेन घोळवत होती. दर्शनाची ही एकुलती एक लेक यंदा आठवीत जाणार होती आणि क्लासवाल्यांनी मे महिन्यातच आठवीचं पुस्तक उघडलं होतं. दर्शना दादरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती, नवरा सम्यक बसच्या डेपोत. म्हणून सुट्टीभर मनाली दिवसा आजीकडे असायची. सरांनी सांगितलं होतं, घरातल्या गोल वस्तू घ्या, दोऱ्याने त्यांचा घेर मोजा, मग रुंदी मोजा आणि भागून बघा. मनालीने आजीचा तवा मोजला, डब्याची झाकणं मोजली, आजीच्या हातातली बांगडीही काढून मोजली. दर वेळी तीन आणि वर थोडंसं येत होतं.

“आई, एक सांग,” ती आता म्हणाली. “सर म्हणाले पाय ही अपरिमेय संख्या आहे. तिचे आकडे संपत पण नाहीत आणि रिपीट पण होत नाहीत. आणि लगेच म्हणाले, गणितात बावीस छेद सात घ्या. बावीस छेद सात तर परिमेय आहे ना? मग सगळ्यांची उत्तरं चुकीचीच की.”

दर्शना म्हणाली, जवळपासचं उत्तर असतं ते.

“जवळपास म्हणजे चूकच ना?”

“कामापुरता बरोबर असला की झाला,” कमलाबाई मान वर न करता म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “मनू, जेवलास काय गो?”

मनाली हसली. हा प्रश्न त्यांनी जेवण झाल्यापासून कितीदा तरी विचारला होता. ती उठून आईच्या कानाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, आजीचे प्रश्न बावीस छेद सातसारखे आहेत. भागत राहा, भागत राहा, फिरून तेच आकडे येतात. जेवलीस काय, शाळा कधी सुरू, आणि पप्पांची ड्युटी कुठली. मग परत जेवलीस काय. दर्शनाने तिला चापट मारली, पण तिलाही हसू आलं. वय झालं की माणसं तेच ते विचारतात. त्यात घाबरण्यासारखं काय आहे? तेच तेच तर विचारते आहे, आणि तेच तेच ऐकून घेणं काही अवघड नसतं.

उरलेल्या जागेत एक तुकडा जोडून टाकावा असं दर्शनाने सुचवून पाहिलं. नाहीतर पट्टी उरेब कापू, कापड कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं कापलं की ते ताणतं, थोडं ओढून बसेल. कमलाबाईंनी दोन्हीला मान हलवली. छत्राच्या झालरीला जोड नको, आणि ताणलेली पट्टी वर्षभरात आकसून सुरकुतते. चौकोनाच्या तिरक्या रेघेची लांबीपण पायसारखीच असते आजी, न संपणारी, असं मनालीने खाटेवरून सांगितलं, तर कमलाबाई म्हणाल्या, असेना का, मला ती नको. झालर उसवून नव्याने शिवायची ठरली. आधी विहारात जाऊन खरं कडं घेऊन ये, त्यांनी दर्शनाला बजावलं.

विहार चाळीच्या मागेच होतं. राजरत्न तिथला सेक्रेटरी, दर्शनाच्याच वर्गात होता. तो शिडीवर चढून पताका बांधत होता. जय भीम झाला आणि दर्शनाने कड्याचं विचारलं, तेव्हा तो खाली उतरला, तिने सोबत आणलेलं कडं त्याने उलटं केलं आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव दाखवलं. त्याच्या आजोबांचं नाव. त्यांनीच हे कडं दान दिलं होतं.

“हेच आहे गं. आपल्याकडे दुसरं आहेच कुठे? मावशींना सांग, आम्ही गरीब माणसं, एकाच छत्राखाली भागवतो.” तो हसला, मग दर्शनाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. “का? काय झालं?”

काही नाही म्हणून ती निघाली. कडं खांद्याला अडकवून ती चालत राहिली आणि पाय लालबागच्या दिशेने वळले. साटिन लागणारच होतं, आणि आईचं साटिन कायम तिला शिवायची कामं देणाऱ्या हेरंबच्या दुकानातून यायचं.

हेरंबचं दुकान अरुंद आणि लांबच लांब. आत ट्यूबलाइटच्या उजेडात तोरणं, पडदे, मखरांचे कापडी खांब आणि वर छताला ओळीने टांगलेली गोल छत्रं, लहान-मोठी, गुलाबी, सोनेरी, मोरपंखी. दर्शनाने मान वर करून ती पाहिली. आईकडे आता गोल कामं का येत नाहीत, असं तिने मागे एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, हेरंब सांगतो, गोलाची फॅशन गेली, लोक चौकोनी स्टेज मागतात.

हेरंबने तिची नजर पाहिली. पोऱ्याला चहा सांगायला तो उठला, तिच्यासाठी स्टूल ओढलं आणि बराच वेळ साटिनचे तागे उलगडत राहिला. मग हळूहळू सांगायला लागला. दिवाळीच्या आधीपासूनच झालरी तोकड्या यायला लागल्या होत्या. पहिल्यांदा त्याला वाटलं, घाईत झालं असेल. दुसऱ्यांदा त्याने कारागिराकडून तुकडा जोडून घेतला आणि वर फूल लावून जोड झाकला. मग दर वेळी तेच. तीन पट बरोबर असायचं. वरचं तेवढं नसायचं.

“तोंडावर कसं बोलणार, ताई? मी दुकान टाकलं तेव्हा पहिलं तोरण मावशींनी शिवलेलं. मग मी सरळ काम देत गेलो. दारांच्या झालरी, टेबलांच्या. त्यात काय, टेप लावला की झालं.” त्याने तागा गुंडाळला. “त्यांना सांगू नका हां. म्हणजे, माझ्याकडून कळलं असं नको.”

दर्शनाला रडू आलं नाही. लॅबमध्ये कुणाचातरी रिपोर्ट हातात आला आणि त्यातला वाईट आकडा दिसला, की ती एक क्षण थांबते आणि मग नीट अक्षरात लिहून टाकते. तसंच तिने साटिनचे रंग निवडले, निळा जरा गडद द्या म्हणाली. दुकानाबाहेर येऊन मात्र ती उलट्याच दिशेने बरंच अंतर चालत गेली.

परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि मऊ बोलायच्या. त्यांनी कमलाबाईंना वार विचारला, महिना विचारला, थोडं मागे-पुढे करत कमलाबाईंनी सांगितलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, आजी, यावर घड्याळ काढा.

“केवढा काढू?” कमलाबाईंनी विचारलं.

“तुम्हाला हवं तेवढं.”

कमलाबाईंनी पेन्सिल टेकवली आणि हात न उचलता एक गोल काढला. असा गोल, की डॉक्टरबाईंनीसुद्धा कागद जवळ ओढून पाहिला. सुरुवात आणि शेवट जुळले होते ती जागा सापडत नव्हती. दर्शनाच्या छातीत काहीतरी हलकं झालं. मग कमलाबाई आकडे लिहायला लागल्या. एक, दोन, तीन, एकाखाली एक, जवळजवळ, नीट अक्षरात. बारा लिहून होईपर्यंत अर्धाच गोल भरला होता. उरलेला अर्धा पांढरा राहिला, आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवून समाधानाने कागद पुढे केला.

डॉक्टरबाई दर्शनाशी बाहेर येऊन बोलल्या. औषधं चालू करू, वेग कमी होईल, पण परत मागे येणार नाही. एकटं ठेवू नका. गॅस, कात्री, सुया यांच्यापासून जपा. दर्शनाने विचारलं, किती वर्षं असं चालेल, आणि कशा क्रमाने. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं मोजून सांगता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं.

बसस्टॉपवर कमलाबाईंनी विचारलं, काय म्हणाली ती पोर? अशक्तपणा आहे, दर्शना म्हणाली, गोळ्या दिल्यात. कमलाबाईंना ते पटलं. उन्हाळ्याचा होतोच, त्या म्हणाल्या, आणि मग मनू जेवली काय, असं विचारलं.

त्या रात्री सम्यकशी बोलून ठरलं. पौर्णिमा झाली की आईला वडाळ्याला आणायचं. मशीन परळलाच राहील, आणि कात्री दर्शना घेईल. ठरवणं सोपं होतं. आईला हे कसं सांगायचं, तेवढंच कुणाला माहीत नव्हतं. परळच्या खोलीचं दार आणि शिवणकाम या दोनच गोष्टी कमलाबाईंनी आयुष्यात स्वतःच्या म्हटल्या होत्या, आणि त्या दोन्ही एकाच दिवशी त्यांच्याकडून काढून घ्यायच्या होत्या. निदान ही एक झालर तरी त्यांच्या हातून पुरी व्हावी, मग सांगू, असं दर्शनाने स्वतःला समजावलं. पुरी, म्हणजे त्यांनीच मापून, त्यांनीच कापून. पण तोकडी झाली तर?

म्हणून दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून लवकर सुटून आली, कमलाबाई नळावर गेलेल्या पाहून तिने घाईघाईने कापड पसरलं आणि खिळ्यावरची टेप काढली. मनालीने वहीच्या मागच्या पानावर छत्तीस गुणिले बावीस छेद सात करून ठेवलं होतं. दर्शनाने खडूने खूण केली आणि कात्री उचलली, तेवढ्यात दारात कमलाबाई हंडा घेऊन उभ्या.

“माझी कात्री कशाला घेतलीस?”

आवाज चढलेला नव्हता. दर्शनाला लहानपणी या आवाजाची फार भीती वाटायची. कमलाबाईंनी हंडा खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि कात्रीसाठी हात पुढे केला. दर्शनाने कात्री दिली. खडूची खूण त्यांनी अंगठ्याने चोळून पुसून टाकली.

“तू रक्त तपास,” त्या म्हणाल्या. “तिथे माझा काय चालत नाय, इथे तुझा नाय चालायचा.”

आणि त्या बसल्या. कड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पट्टी आडवी धरली, नखाने चिमटा घेतला. पुन्हा धरली, पुन्हा चिमटा. तिसऱ्यांदा. बोटं कापडावरून इतक्या सहज फिरत होती, की दर्शनाला वाटलं, डॉक्टरबाई चुकल्या, हेरंब चुकला, सगळेच चुकले. मग कमलाबाईंनी तिसऱ्या चिमट्यावर कात्री टेकवली. आणि थांबल्या.

त्यांना आठवत नव्हतं. पण काहीतरी आठवायचं आहे, हे त्यांना कळत होतं. कात्रीची पाती उघडी होती, हात हवेत होता, आणि चेहऱ्यावर एक असा भाव होता, जो दर्शनाने आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. नव्या शाळेत पहिल्या दिवशी वर्ग न सापडणारी मुलं असतात, तसं. सहा बोटं, एवढंच दर्शनाला सांगायचं होतं. सांगितलं तर आईला कळेल की आम्हाला कळलंय. नाही सांगितलं तर कात्री मिटेल.

मनाली खाटेवरून उतरली. आजीच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि तिने आपली दोन बोटं चिमट्याच्या पुढे कापडावर ठेवली. मग ती सरकवून पुन्हा दोन. मग पुन्हा.

“फुटामागे दोन बोटं, आजी.”

कमलाबाईंनी झटक्यात तिच्याकडे पाहिलं. क्षणभर दर्शनाला वाटलं, आता बोलणी बसणार. पण कमलाबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या. बारीक, शाईने निळी झालेली, नखं कुरतडलेली बोटं.

“तुझी बोटं बारीक,” त्या म्हणाल्या. “सहा कमी पडतील. सात घे.” मग थोड्या वेळाने, “ह्या तुला कोणी शिकवलान?”

“तूच. गेल्या वर्षी.”

“मी?” कमलाबाई विचारात पडल्या. मग त्यांनी मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणा बाईचं कौतुक करतायत. “बरा शिकवलंय गो.”

आणि कात्री चालली. कापडाचा तो करकर आवाज संपेपर्यंत दर्शना मोरीकडे तोंड करून उभी होती.

पट्टी बसली. चुण्या घालायला दोन दिवस गेले. मधेमधे कमलाबाई विसरायच्या, हे कशाला शिवतोय, मग पाच रंग पाहून त्यांना आठवायचं. शेवटची टोकं त्यांनी हाताने शिवली, बारीक टाक्यांनी, आणि जोड हरवून टाकला.

पौर्णिमेला सकाळी विहार भरून गेलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, अगरबत्तीचा धूर, मागे खिरीच्या पातेल्यांची खडखड. राजरत्नने दोघांच्या मदतीने छत्र दोरीने वर ओढलं. ते थोडं हेलकावलं आणि मूर्तीच्या डोक्यावर स्थिर झालं. पंख्याच्या वाऱ्याने पाचही रंग एकामागून एक हलले. वंदना झाली, पंचशील झालं. राजरत्न माइकवरून सगळ्यांचे आभार मानत होता, फुलांचे, खिरीचे, आणि झालर दरवर्षीप्रमाणे आपल्या मावशींची, असं म्हणून त्याने हसून कमलाबाईंकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमलाबाईंनीही वाजवल्या.

मग त्या मान वर करून बराच वेळ छत्राकडे बघत बसल्या. डोळे बारीक करून त्यांनी चुण्या पाहिल्या, कड पाहिली, सबंध गोल नजरेने फिरून आल्या. दर्शना त्यांच्याकडेच पाहत होती. आज संध्याकाळी सांगायचं होतं. ती मनातल्या मनात शब्द लावत होती, आई, थोडे दिवस चल, मनूचा अभ्यास आहे, तिला तुझी सोबत होईल.

कमलाबाई तिच्याकडे झुकल्या.

“यंदा मला विचारलानी नाय,” त्या हळू म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला दिलानी वाटतं.”

पलीकडून मनाली म्हणाली, आजी, अगं, तूच... आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहून ती मधेच थांबली.

“असू दे,” कमलाबाई म्हणाल्या. दुखावल्या होत्या, पण ते दिसू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. “नवीन माणसांना पण मिळाया हवा. पण काम चांगला आहे हां. जोड कुठे दिसत नाय.”

खीर वाटप सुरू झालं तेव्हा त्या आपल्या आपण उठल्या, पदर सारखा केला आणि गर्दीतून वाट काढत राजरत्नपाशी गेल्या. दर्शना मागोमाग धावली. कमलाबाईंनी राजरत्नच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ज्या कुणी बाईने झालर शिवली तिला माझा निरोप सांग, चांगली शिवलीय. पुढच्या वर्षी पण तिलाच दे. राजरत्न हसायला गेला, त्याने दर्शनाकडे पाहिलं, आणि हातातलं खिरीचं ओगराळं त्याने पातेल्यात ठेवून दिलं. मग तो खाली वाकून कमलाबाईंच्या पाया पडला. सांगतो, मावशी, म्हणाला.

खोलीचं संध्याकाळी सांगायचंच होतं, पण शिवणकामासाठी दर्शनाला आता शब्द लागणार नव्हते. जे ती काढून घेणार होती ते आई स्वतःच दुसरीला देऊन मोकळी झाली होती, आणि ती दुसरी कोण, हे आईलाच माहीत नव्हतं.

कमलाबाईंना बायकांनी खुर्ची दिली, द्रोण हातात दिला. त्या खीर खात शेजारणीशी बोलायला लागल्या, उन्हाळा यंदा फार आहे म्हणून. दर्शना आणि मनाली दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. कुणीतरी सरबताचं पिंप उघडून पेले मांडत होतं.

“आई,” मनाली म्हणाली, “हे नवीन होतं ना? हे तिने आधी कधी नव्हतं म्हटलं.”

दर्शनाने मान डोलावली.

“म्हणजे आता तेच तेच येणार नाही. काय येणार ते आधी कळणारच नाही.”

दर्शनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी उंच झाली होती, हात आता वर उचलून ठेवावा लागत होता. मनाली आत बघत होती. खुर्चीत बसलेल्या आजीने तिला पाहिलं आणि द्रोण उंचावून खुणेने विचारलं, घेतलीस काय? मनालीने हो म्हणून मान डोलावली, हसली, आणि तोंड न वळवता, आजीकडेच बघत तिने विचारलं,

“आई, ती मला सगळ्यात शेवटी विसरेल ना?”